दोन-दहाची घंटी

चौथ्या दिवशीही दोन वाजून दहा मिनिटांनी काही झालं नाही.

अक्कांनी घड्याळाकडे मान वळवली नाही. त्याची गरज नव्हती. मागच्या बाजूच्या कारखान्यात जेवणानंतर ग्राइंडर घरघरायला लागला की दोन वाजलेले असत, आणि ग्राइंडरवरच्या माणसाने पहिली पुली उतरवून दुसरी चढवली की वर दहा मिनिटं झालेली असत. गेली तीस वर्षं त्या याच टेबलाशी, याच खिडकीकडे पाठ करून बसत होत्या. वेळ त्यांना कानाने कळे.

दुसरी पुली चढली. टेबलावरचा नवा करडा फोन आपल्या छोट्या पडद्यावर तारीख मिरवत गप्प बसला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी मनाची समजूत घातली, की नव्या तारांचा गोंधळ आहे, राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, वरच्या मजल्यावरच्या फोनवर वाजून गेली असेल. तिसऱ्या दिवशी मनाने नको त्या वाटा धरल्या. आज तर सकाळपासून देवापुढे हात जोडतानाही ओठांवर नाव एक आणि मनात दुसरंच, असं चाललं होतं.

"वन्सं, चहा ठेवू?" शेजारच्या खुर्चीवरून धाकटीने विचारलं.

"नको गं."

"जेवतानाही अर्ध्यातूनच उठलात."

"भूक नव्हती."

धाकटीने पुढे काही विचारलं नाही. ती धाकट्या भावाची बायको. बोलायला लागली की थांबत नसे, पण नको तिथे थांबायचं कसं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवी फोनव्यवस्था बसवली होती तिच्या जावयाने. तीन जुन्या तारांवर तीन जुने फोन, आणि एकावर आलेलं बोलणं दुसऱ्या खोलीत पोचवायचं तर खिडकीतून हाक मारायची, असा या घरचा कारभार. जावईबापूंचं शिक्षण आणि नोकरी याच कामातली. त्यांनी कारखान्यात, कार्यालयात आणि वर घरात मिळून सात नवे फोन बसवले. ते सगळे इंटरनेटच्या तारेवर बोलणारे. पण जुने नंबर सोडून चालणार नव्हतं. या कुटुंबाचा धंदा लिफ्ट बसवण्याचा आणि सांभाळण्याचा. शहरातल्या चारशेहून अधिक लिफ्टच्या आत, दाराशेजारी, पितळी पट्टीवर पहिल्या तारेचा नंबर कोरलेला होता. अंधारात अडकलेला माणूस त्या पट्टीवर बोट फिरवून नंबर शोधतो. त्याला नंबर बदलल्याचं कोण सांगणार?

म्हणून मधे ही पेटी आली. वहीएवढी, काळी, पुढे हिरवे दिवे. एका बाजूने जुन्या तीन तारा आत शिरायच्या, दुसऱ्या बाजूने नवी तार बाहेर पडायची.

"दुभाष्या आहे हा," जावईबापूंनी बसवताना सांगितलं होतं. "जुन्या तारेची भाषा वेगळी, नव्या फोनची वेगळी. हा मधे बसून दोघांची गाठ घालून देतो."

"आमच्या घरात दुभाष्या लागतोच," धाकटी म्हणाली होती, आणि नवऱ्याकडे बघून हसली होती.

आज पेटीचं उरलेलं काम करायला जावईबापू अर्धी रजा काढून आले. दोन दिवस एक वेगळीच पीडा झाली होती. समोरच्याने फोन ठेवला तरी पेटीला ते कळायचं नाही, ती आपली तार धरून बसायची, आणि नव्याने फोन करणाऱ्याला ‘लाइन व्यस्त’ मिळायचं. आल्या आल्या ते टेबलाखाली शिरले.

"अहो, काय हे! जावयाला टेबलाखाली रांगायला लावलं. लोक काय म्हणतील?" धाकटी कळवळली.

"लोक टेबलाखाली बघायला येत नाहीत, आई," आतून आवाज आला. "आत्या, तेवढा स्क्रू-ड्रायव्हर द्या. पिवळा."

अक्कांनी तो खाली दिला. हात मागे घेताना त्यांना वाटलं, आता विचारावं. यांत्रिक गोष्ट म्हणून विचारावं, सहज.

"जावईबापू, एक शंका. समजा फोनची एकच घंटी वाजली आणि समोरच्याने लगेच ठेवून दिला. तर इथे वाजते का हो?"

"नाही वाजत!" जावईबापू केस विस्कटलेले, गुडघे झाडत वर आले. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "ती तर खास सोय केलीय. समोरच्याचा नंबर एक्स्चेंज कधी पाठवतं? पहिली घंटी संपल्यावर आणि दुसरी सुरू होण्याआधी, त्या मधल्या फटीत. म्हणून पेटी पहिली घंटी स्वतःच ऐकते, नंबर टिपून घेते, आणि दुसऱ्या घंटीपासून तुमच्या टेबलावर वाजवते. पहिली घंटी ती गिळूनच टाकते म्हणा ना. आणि बाबा म्हणालेच होते, जाता जाता आमच्या त्या दोन-दहाच्या भुताचाही बंदोबस्त करा. केला! चार दिवसांत आलंय का भूत?"

अक्कांनी टेबलाची कड धरली.

म्हणजे तो घंटी देत असेल. रोज. आणि ती या काळ्या पेटीत पडत असेल, विहिरीत खडा पडावा तशी. जिवात जीव आला, आणि लगेच पुन्हा गेला. देत असेल, की नसेल? हे आता कळायचं कसं?

"भूत नव्हतं ते," त्या म्हणाल्या.

आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण कारखान्याच्या दारातून आत येणारा धाकटा तिथेच थांबला. हाताला ग्रीस, खांद्यावर फडकं, पन्नाशी उलटलेला, तरी थोरल्या बहिणीचा सूर बदललेला त्याला अजून लगेच कळत असे.

"कोण भूत नव्हतं, अक्का?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. अकरा वर्षं ओठांआड ठेवलेली गोष्ट जावयासमोर, भरदुपारी, विस्कटलेल्या तारांमधे बसून सांगावी लागेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"बैस," त्या म्हणाल्या. "जावईबापू, तुम्हीही बसा. तुम्हाला मागचं ठाऊक नाही, म्हणून आधीपासून सांगते. आमच्या वडिलांचा एक नेम होता. माणूस सकाळी लिफ्टच्या खड्ड्यात उतरला किंवा वर यंत्राच्या खोलीत चढला, की काम संपवून बाहेर आल्यावर जवळच्या कुठल्याही फोनवरून इथे एक घंटी द्यायची आणि ठेवून द्यायचं. बोलायचं नाही. एक घंटी म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय घेऊन बाहेर आलो. मी इथे बसून प्रत्येकाच्या नावापुढे खूण करायची. सगळ्यांच्या घंट्या आल्या की मग वडील जेवायला उठायचे."

"आता माणसं मोबाईलवर निरोप पाठवतात," धाकटा म्हणाला. "केव्हाच बंद झालं ते."

"सगळ्यांचं बंद झालं. एकाचं नाही झालं."

धाकट्याने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"आमचा मधला भाऊ काम संपवून हात धुवायचा, पाणी प्यायचा आणि मग घंटी द्यायचा," अक्का म्हणाल्या. "त्याची नेहमी दोन-दहाला यायची."

ग्राइंडर थांबला होता. जावईबापूंनी सासऱ्यांकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. बायकोला एक मोठे काका आहेत आणि त्यांचं नाव या घरात कोणी काढत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

कारण बाकीच्यांना माहीत होतं. मुलींच्या एका सहा मजली वसतिगृहाच्या लिफ्टची वार्षिक तपासणी होती. दोर ठीक आहे, अशा कागदावर धाकट्याने सही करून दिली. दोन दिवसांनी मधला काही कामाने तिथे वर चढला, तर दोराचे तीन पीळ तुटलेले. त्याने तिथल्या तिथे लिफ्ट बंद केली आणि खाली येऊन वसतिगृहाच्या बाईंना खरं ते सांगितलं. काम हातचं गेलं, बोभाटा झाला. धाकटा कारखान्यात सगळ्या माणसांदेखत ओरडला, "घर बुडवायला निघालायस तू!" मधल्याने आपला पान्यांचा पट्टा काढून याच टेबलावर ठेवला. "या घरच्या फोनवर माझा शब्द यापुढे येणार नाही," म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दोन-दहाला एक घंटी वाजून थांबली. शब्द नव्हता तो. अक्कांना तेव्हाच कळलं.

"अकरा वर्षं," धाकटा म्हणाला. "अकरा वर्षं तो रोज घंटी देतोय, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय केलं असतंस?"

"काय केलं असतं म्हणजे?"

"उचलला असतास. पहिल्याच घंटीला झडप घालून उचलला असतास, आणि विचारलं असतंस, काय रे, आता कशाला फोन करतोस. मी ओळखते तुला. आणि तो नेमही तुटला असता."

धाकट्याने हातातलं फडकं पिळलं. "मी भूत म्हणायचो त्याला. नाव मीच ठेवलं."

"हो."

"तू हसायचीस तेव्हा."

"रडले असते तर विचारलं असतंस."

तो बायकोकडे वळला, माणूस आधाराला वळतो तसा. "ऐकलंस? सख्ख्या भावापासून लपवून..."

"मला कशाला सांगताय?" धाकटी म्हणाली. "मला ठाऊक होतं."

आता अक्काही तिच्याकडे बघायला लागल्या.

"वन्सं, असं बघू नका. रोज दोनला मी वरचं काम टाकून खाली येऊन बसते, ती काय मला तुमची खुर्ची आवडते म्हणून? त्या वेळात कोणी नंबर फिरवायला घेतला तर अडवता यावं म्हणून येते. माझ्या आईलासुद्धा अडीचच्या आत कधी फोन केला नाही मी. घंटी वाजली की तुमचे खांदे असे खाली यायचे. मला काय डोळे नाहीत?"

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही बोलत नव्हता, मग मी कशी बोलणार? पण या पेटीचं मेलं माझ्या ध्यानात आलं नाही. चार दिवस बघतेय, खांदे वरच आहेत तुमचे."

इतकी वर्षं आपण त्या दहा मिनिटांत एकट्या बसलो आहोत असं त्यांना वाटत होतं. त्यांनी हात पुढे केला, आणि धाकटीने तो धरून मांडीवर ठेवला. धाकटा दोघींकडे बघत राहिला. आपल्याच घरात आपण एकटे बाहेर राहिलो, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

जावईबापू इतका वेळ कान लाल करून बसले होते. "आत्या," ते खाकरून म्हणाले, "चूक माझी आहे. मी आत्ता पहिली घंटीही टेबलावर वाजू देतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी... पेटी घंटी गिळते, पण विसरत नाही. आलेल्या प्रत्येक घंटीची तिच्यात नोंद राहते. बघायची का?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. चौघांची डोकी पडद्यावर एकत्र आली.

"हा सोमवार. दोन वाजून दहा मिनिटं. एक घंटी, उचलला नाही. नंबर कोरा. फटीत नंबर यायच्या आत ठेवून दिलाय." त्यांचं बोट खाली सरकलं. "मंगळवार. दोन-दहा. पुन्हा कोरा. बुधवार, म्हणजे काल. दोन-अकरा. आणि काल..."

कालच्या ओळीत आकडे होते.

"काल त्यांनी ठेवायला जरा उशीर केला. नंबर आलाय."

"आणि आज?" अक्कांनी विचारलं. "गुरुवार?"

जावईबापूंनी पान खाली ओढलं, पुन्हा वर नेलं. एक वाजून चाळीस मिनिटांनी एका दवाखान्याचा फोन, दोन वाजून पंचवीसला लोखंडवाल्याचा. मधे काही नव्हतं.

"आज आलेलीच नाही, आत्या."

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. अक्कांनी स्वतःच्या आजारपणातही धाकटीला टेबलाशी बसवून वरून कान लावला होता. सुट्टीच्या दिवशीही घंटी यायची. काल उशीर, हात लगेच न सुटलेला, आणि आज नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे बघितलं, आता आकड्यांकडे. आणि मनातल्या मनात ते म्हणून बघितले.

"हा नंबर मला पाठ आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

त्यांनी धाकट्याकडे बघितलं. सांगावं की नाही, असा एक क्षण गेला. "त्या वसतिगृहाचा. खालच्या टेबलावरचा."

धाकटा सरळ उभा राहिला. त्या रस्त्याने तो जातच नसे, लांबचा वळसा घेई. "तिथे कशाला जाईल तो?"

"तिथे लिफ्ट चालवायला माणूस ठेवतात," धाकटी हळूच म्हणाली. "मुलींची सतत ये-जा असते, म्हणून."

चौघांनीही एकच चित्र बघितलं असावं. शहरातला लिफ्टचा सगळ्यात चांगला कारागीर, एका सहा मजली लिफ्टमधे स्टुलावर बसलेला. तीच लिफ्ट. तिचाच दोर डोक्यावर. कधीपासून, देव जाणे.

"मी जातो," धाकटा म्हणाला. "नाही, आधी फोन करतो. द्या इकडे."

"थांब. तुझा आवाज ऐकला की ठेवून देईल."

"मग तू कर."

अक्कांचा हात करड्या फोनवर जाऊन थांबला. त्याने आपला ठावठिकाणा कधी कळू दिला नव्हता. सापडलो असं त्याला वाटलं, तर तो तिथूनही उठेल. मग ना नंबर, ना घंटी. आणि नाही केला, तर तो आज कुठल्या खोलीत कसा पडलाय, हे कोण सांगणार? इतकी वर्षं घंटीने त्यांना काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. आज विचारायची पाळी त्यांची होती. त्यांनी नंबर फिरवला. धाकटीने शेजारचं बटण दाबलं, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

तिकडे चार घंट्या झाल्या.

"वसतिगृह," एका तरुण मुलीचा आवाज.

"लिफ्टवर जे असतात ना, त्यांच्याशी बोलायचं होतं."

"काकांशी? थांबा हं. काका! तुमचा फोन!"

चपलांचा सावकाश आवाज. लोखंडी जाळीचं दार सरकल्याचा आवाज, तो या खोलीत सगळ्यांना ओळखीचा. रिसीव्हर उचलला गेला. कोणी बोललं नाही. फक्त श्वास, जरा घरघरता.

"मी अक्का," त्या म्हणाल्या.

श्वास थांबला.

"ठेवू नकोस. आणि बोलूही नकोस, तुझा शब्द तुझ्यापाशी राहू दे. मी सांगते तेवढं ऐक. घरी नवी पेटी बसवलीय फोनला. तिला एका घंटीचा अर्थ कळत नाही रे. सोमवारपासून तुझी घंटी तिच्यात अडकत होती. आज मात्र तू दिलीच नाहीस. म्हणून केला. दुसरं काही नाही."

श्वास पुन्हा सुरू झाला.

"आता दुरुस्त करतायत. जावईच करतायत, आपल्या पोरीचे. तुला ठाऊक नसेल, लग्न झालं तिचं. चांगले आहेत. टेबलाखाली रांगतात." त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "उद्यापासून वाजेल. तू दे मात्र."

धाकट्याने हात पुढे केला. अक्कांनी मान हलवली, नको. पण त्याने रिसीव्हर त्यांच्या बोटांतून हळूच सोडवून घेतला, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी तो सोडला.

"दादा," तो म्हणाला, आणि थांबला. ग्रीसचा हात कपाळावर गेला, तिथे काळा पट्टा उमटला. "दादा, मी चढलो नव्हतो वर त्या दिवशी. सही खालीच केली. उन्हाचा कंटाळा केला. एवढंच होतं. माणसांसमोर तुला बोललो, पण... मी चढलोच नव्हतो."

जावई समोर बसले होते. बायको बसली होती. कारखान्याच्या दारात दोन माणसं येऊन उभी होती, तीही ऐकत होती. त्याने कोणाकडे बघितलं नाही. तिकडून काही आलं नाही, पण फोन ठेवल्याचाही आवाज आला नाही. पडद्यावर सेकंद पुढे जात होते.

मग तिकडे लांबून दुसऱ्या एका मुलीचा आवाज आला, घाईतला. "काका, ताप उतरला का? आज कशाला आलात, सांगितलं होतं ना झोपून राहा म्हणून? बरं, चला ना पटकन, पाचव्या मजल्यावर."

जाळीचं दार खडखडलं. अक्कांनी धाकटीचा हात घट्ट धरला.

आणि तो आवाज आला. भरडा, म्हातारा झालेला, फोनपासून तोंड वळवून दुसऱ्याला बोललेला, पण या घरच्या फोनवर स्वच्छ ऐकू आलेला.

"जरा थांब, पोरी," तो म्हणाला. "घरचा फोन आहे."